गोदीच्या दारातून दुबई

क्रूझ जहाज सकाळी बंदराला लागतं आणि बहुधा त्याच संध्याकाळी सुटतं. सुटण्याच्या बऱ्याच आधी सगळ्यांनी जहाजावर परतलेलं असावं, हा दंडक. उतरण्याची रांग, कागदपत्रांची तपासणी, आवारातून फाटकापर्यंत सोडणारी शटल आणि परतीसाठी राखून ठेवलेला वेळ एवढं वजा केलं, की शहराच्या वाट्याला सहा-सात तास येतात. मग बरेच जण उघड्या टपाच्या दुमजली बसचं दिवसभराचं तिकीट काढतात, निवेदन ऐकायला कानात इअरफोन अडकवतात आणि हवं तिथे उतरत, मागून येणारी पुढची बस पकडत शहर नजरेखालून घालतात. सराईत प्रवाशांना हा प्रकार पटत नाही. त्यांच्या लेखी हे शहर बघणं नव्हे, नुसती हजेरी लावणं. काशी किंवा इस्तंबूलपुरता हा आक्षेप रास्त आहे, कारण तिथलं बरंचसं बघण्यासारखं बस शिरणार नाही अशा गल्ल्यांत आहे. दुबईला तो लावताना मात्र जरा थांबावं लागतं. हे शहर बंदरापासून सुरू झालं आणि रस्त्याच्या कडेकडेने लांबत गेलं. त्यामुळे गोदीत उतरून बसने हिंडणारा माणूस ते ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने बघू शकतो. विमानतळावरून थेट हॉटेलात जाऊन आठवडाभर राहणाऱ्या पाहुण्याला हा क्रम सहसा सापडत नाही. अट एकच : बस जिथून जात नाही त्या जागाही त्याने हिशेबात धराव्यात.

दुबई म्हटलं की आपल्याकडे आधी तेल आठवतं. पण तारखा जुळवून पाहिल्या तर वेगळंच दिसतं. दुबईला समुद्रात तेल सापडलं १९६६ मध्ये आणि ते परदेशी जायला लागलं १९६९ मध्ये. साठाही शेजारच्या अबू धाबीच्या मानाने किरकोळ. शहराचं नशीब पालटणारं काम त्याच्याही आधी, १९५९ मध्ये सुरू झालं होतं, आणि ते होतं खाडी उपसण्याचं. समुद्रातून आत शिरलेली ही नैसर्गिक खाडी गाळाने इतकी उथळ झाली होती की मोठी जहाजं बाहेर खोल पाण्यातच नांगर टाकत आणि माल छोट्या होड्यांतून काठाला येई. आदल्याच वर्षी गादीवर आलेल्या शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी कुवेतकडून कर्ज घेतलं आणि खाडीचं तोंड मोकळं केलं. हातात तेलाचा पैसा नसताना, परक्याच्या कर्जावर, बंदर आधी, हा निर्णय धाडसाचा होता. पण त्याला पूर्वपरंपरा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुबईच्या शेखांनी जकात माफ केली होती. पलीकडे इराणच्या किनाऱ्यावरच्या लिंगे बंदरात नेमकी त्याच काळात जकातीची वसुली कडक झाली, तेव्हा तिथले व्यापारी आखात ओलांडून दुबईत येऊन राहिले. पुढे १९३०च्या दशकात जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि जागतिक मंदीने आखातातला मोत्यांचा धंदा बसवला. पाणबुडे आणि त्यांना कर्ज देणारे सावकार दोघेही त्यात बुडाले, पण येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जगण्याची दुबईची सवय टिकली. दुसऱ्याच्या मालाने आपल्या दारात थोडा वेळ थांबावं यावरच हे गाव पोसलं गेलं. त्या दृष्टीने सहा तासांसाठी उतरलेला क्रूझचा प्रवासी हे तिथलं जुनंच गिऱ्हाईक म्हणायला हवं.

या हकिगतीत मुंबई पुन्हा पुन्हा डोकावते. आखातातले मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कराची, मस्कत करत आखातातली बंदरं घेत. त्या मार्गावरची ‘द्वारका’ ही बोट अगदी १९८२ पर्यंत चालू होती. कोकणातून आणि गोव्यातून नोकरीसाठी निघालेल्या पहिल्या पिढीतल्या अनेकांनी आखाताचा किनारा प्रथम पाहिला तो बोटीच्या कठड्यावरूनच. दुबईच्या बाजारात चलन होतं रुपयाचं. भारतात सोन्याच्या आयातीवर निर्बंध होते, दुबईत ते उघडपणे विकलं जाई आणि तिथून गलबतांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चोरून उतरे. त्या सोन्यापायी भारताची परकीय गंगाजळी आटू लागली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातापुरता वेगळा रुपया छापला. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईने त्याचा नाद सोडला. आजचा दिरहम आला १९७३ मध्ये. सहलीच्या बसमधल्या निवेदनात यातलं फारसं काही येत नाही. तिथे उंटांपासून उत्तुंग मनोऱ्यांपर्यंतची झेप एका वाक्यात मारली जाते, आणि मधली सत्तर-ऐंशी वर्षं, म्हणजे खरा कळीचा भाग, गाळली जाते. निवेदन बाजूला ठेवावं आणि खिडकीबाहेर बघावं, असं म्हणावंसं वाटतं ते यामुळेच.

पोर्ट रशीद ही जुनी गोदी १९७२ मध्ये सुरू झाली. खाडी उपसूनही अपुरी पडू लागली म्हणून तिच्या तोंडाशेजारी समुद्रात बांधलेली. मालवाहतूक पुढे जबल अलीला हलली आणि ही गोदी क्रूझ जहाजांना मिळाली. ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे एके काळचं नामांकित प्रवासी जहाज इथेच कायमचं बांधलेलं आहे. २०१८ पासून ते हॉटेल आहे. गोदीतून निघून बस काही मिनिटांत बर दुबईत, खाडीच्या काठी येते. दिवसभरात एकदाच उतरायचं ठरवलं तर ते इथेच उतरावं. काठाला लागून अल फहिदीची जुनी वस्ती आहे, जिला इराणमधल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांवरून बस्तकिया म्हणत. घरांच्या भिंती समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडाच्या. हा दगड सच्छिद्र असल्याने उष्णता लवकर आत जाऊ देत नाही. माळवदाखालचे वासे पूर्व आफ्रिकेतल्या खारफुटीचे. आणि छतावर चौकोनी मनोरा, बारजील. त्याच्या पोकळीत दोन पडद्या फुलीसारख्या तिरप्या घातलेल्या असतात, त्यामुळे तिचे चार उभे कप्पे होतात. वारा ज्या अंगाने येईल त्या अंगाचा कप्पा तो पकडून खाली खोलीत सोडतो आणि आतली गरम हवा समोरच्या कप्प्यातून वर निघून जाते. यंत्र नाही, इंधन नाही, आणि वाऱ्याने दिशा बदलली तरी काम चालूच. विजेच्या आधीच्या काळात या वाळवंटी किनाऱ्यावर उन्हाळा सुसह्य करण्याचा इतका नेटका उपाय दुसरा नव्हता. मात्र या वस्तीकडे ‘अस्सल दुबई’ म्हणून हळवं होऊन बघण्यात अर्थ नाही. १९८०च्या दशकात तिच्यातली निम्म्याच्या आसपास घरं पाडली गेली. उरलेल्या घरांची डागडुजी नंतरची, आणि तीसुद्धा पाहुण्यांवर डोळा ठेवून केलेली.

इथून अब्रा पकडावी. ही लाकडी, उघडी, इंजिनाची होडी. मधोमध पाठीला पाठ लावून बसायचा बाक, नावाडी मधल्या खळग्यात, आणि भाडं माणशी एक दिरहम. पाच-सात मिनिटांत पलीकडचं देरा येतं. बहुतेक पर्यटक मसाल्याच्या आणि सोन्याच्या बाजाराकडे वळतात. सोनं बघायला हरकत नाही, पण त्याहून बोलकी आहे ती धक्क्यावरची गर्दी. एकमेकांना खेटून नांगरलेली लाकडी गलबतं आणि त्यांच्यासमोर, रस्त्याच्या कडेला रचलेले खोक्यांचे ढीग : फ्रिज, वातानुकूलन यंत्रं, टायर, बिस्किटांची खोकी, कापडाचे गठ्ठे. हा माल इराण, सोमालिया, येमेनकडे जातो. जिथे कंटेनरची मोठी जहाजं जात नाहीत किंवा जायला धजत नाहीत अशा बंदरांचा व्यापार अजून ही गलबतं सांभाळतात. संग्रहालयात बघायला मिळतो तो दुबईचा धंदा इथे प्रत्यक्ष चालू असतो, आणि त्याला तिकीट नाही.

यापुढे मात्र पायांवर भिस्त ठेवून उपयोग नाही. ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन हॅरिस यांनी १९६० मध्ये दुबईचा पहिला नगर-आराखडा केला, तेव्हा गाव खाडीच्या दोन काठांवर मावत होतं. १९६८ च्या जनगणनेत लोकसंख्या ५९,००० च्या आसपास होती. आता ती ३६ लाखांच्या वर गेली आहे. ही सगळी वाढ चहूबाजूंनी झाली नाही. आतल्या बाजूला वाळवंट, समोर समुद्र आणि दक्षिणेला अबू धाबीचा रस्ता. शहर त्या रस्त्याला धरून सरकलं. तोच आजचा शेख झायेद रोड. हॅरिस यांनीच आखलेला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा ३९ मजली मनोरा १९७९ मध्ये या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला, तेव्हा आजूबाजूला जवळपास काहीच नव्हतं. इतक्या लांब, वाळूत, कोण जाणार, अशी शंका तेव्हा घेतली गेली. इंग्लंडच्या राणीने त्याच वर्षीच्या दौऱ्यात या मनोऱ्याचं आणि जबल अली बंदराचंही उद्घाटन केलं. जबल अली याच रस्त्यावर, आणखी दक्षिणेला. म्हणजे रस्त्याची दोन टोकं आधी ठरली : एकीकडे खाडी, दुसरीकडे नवं बंदर. मधली जागा पुढच्या तीस वर्षांत भरली. समुद्रातल्या कृत्रिम बेटावरचं शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब १९९९ चं. खजुराच्या झाडाच्या आकाराच्या पाम जुमेराची भर घालायला सुरुवात २००१ मध्ये. ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफा खुलं झालं ४ जानेवारी २०१० रोजी. खाडीकडून निघालेल्या बसच्या वरच्या मजल्यावरून दिसणाऱ्या खुणांचा क्रम थोड्याफार उलटापालटीसह बांधकामाच्या क्रमाशी जुळतो. जुन्या शहरांत एकाच चौकात पाच शतकं एकमेकांवर रचलेली असतात, ती उकलायला वेळ आणि पाय दोन्ही लागतात. दुबईत दशकं किलोमीटरच्या हिशेबाने मांडली आहेत. त्यांना बसच बरी.

ही जुळणी निव्वळ योगायोगाची नाही, हे १६ एप्रिल २०२४ ला दिसलं. त्या दिवशी दुबईत साधारण वर्षभरात पडतो त्याहूनही जास्त पाऊस पडला. रस्त्यांची तळी झाली, मोटारी जागच्या जागी अडकल्या, विमानतळ कोलमडला. रस्ता थांबला तसं शहर थांबलं. ज्या शहरात एका इमारतीतून समोरच्या इमारतीत जायलाही कधी कधी टॅक्सी करावी लागते, ते शहर चाकांवरूनच समजून घ्यायला हवं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप मेट्रोवाल्यांचा, आणि तो हिशेबी आहे. २००९ मध्ये सुरू झालेली चालकविरहित मेट्रो शेख झायेद रोडलाच समांतर, खांबांवरून धावते. ती स्वस्त आहे, वेळेवर येते आणि सिग्नलला थांबत नाही. मग बसचं महागडं तिकीट कशाला? उत्तर नकाशात आहे. मेट्रो शहराचा कणा दाखवते, पण जुमेराच्या किनाऱ्याच्या अंगाला फिरकत नाही, आणि मोटारीसाठी आखलेल्या या शहरात स्थानकापासून इच्छित दारापर्यंतची चाल बऱ्याचदा अंदाजापेक्षा लांब निघते. जुमेराची बाजू चुकवण्यासारखी नाही. तिथल्या बंगल्यांच्या वस्तीत सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, अब्बासी काळातल्या तांड्यांच्या मुक्कामाचे अवशेष आहेत. ओमान आणि इराकच्या दरम्यान ये-जा करणारे व्यापारी इथे उतरत. बसच्या निवेदनाला त्याचं फारसं कौतुक नसतं, कारण दाखवायला आहेत जेमतेम कंबरेएवढ्या भिंती. तरीही शहाणपणाचा मार्ग मधला : जाताना बस, आणि उशीर झालाच तर परतताना मेट्रोने खाडीपर्यंत येऊन पुढे टॅक्सी. संध्याकाळच्या कोंडीत उघड्या टपाची बस कुणासाठी वेगाने धावत नाही. जहाजाच्या कंपनीनेच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या हिकमतीवर हिंडणाऱ्यासाठी ते थांबत नाही.

दुसरा आक्षेप असा, की बस दाखवते ते सगळं नकली. समुद्रात ओतलेली बेटं, वाळवंटात बर्फाचा डोंगर, काचेचे मनोरे. यावर नाक मुरडण्याआधी खाडी आठवावी. जिला आपण जुनी, नैसर्गिक म्हणतो तीही यंत्रांनी उपसून, कर्ज काढून कामाजोगी केलेली आहे. पाम जुमेरा ही त्याच कौशल्याची पुढची पायरी. गंमत अशी, की वाळवंटाच्या दारात बांधलेल्या या बेटासाठी वाळवंटातली वाळू चालली नाही. वाऱ्याने घासून तिचे कण गुळगुळीत आणि गोल झालेले असतात, ते एकमेकांत घट्ट बसत नाहीत. म्हणून समुद्राच्या तळाची खरबरीत वाळू उपसून फवाऱ्याने जागेवर टाकली, आणि नंतर कंप देऊन दाबली. भोवती सुमारे ११ किलोमीटरचा दगडी बांध घातला, तेव्हा आतलं पाणी कुजण्याची भीती निर्माण झाली. मग पाणी खेळतं राहावं म्हणून त्या बांधात मध्ये फटी ठेवाव्या लागल्या. हे सगळं डौलासाठी, हौसेसाठी झालं यात शंका नाही, आणि खाडीकाठच्या गलबतांइतका मान त्याला द्यायचं कारण नाही. पण नकली हा शब्द इथे काही समजावून सांगत नाही. खाडी असो की बेट, उपसा काढून जमीन आणि पाणी यांची अदलाबदल करणं हाच या शहराचा मूळ उद्योग.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड : बस ज्यांनी शहर बांधलं त्यांना दाखवत नाही. तो खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. दुबईच्या १० रहिवाशांपैकी साधारण ९ परदेशी नागरिक आहेत, आणि पुरुषांची संख्या बायकांच्या दुपटीच्या आसपास आहे. घरदार मागे ठेवून आलेल्या कामगारांचा हा परिणाम. त्यांच्या राहण्याच्या जागा अल कूझमध्ये, मुहैस्नामध्ये (जिथल्या वस्तीला हिंदुस्थानी लोक सोनापूर म्हणतात), जबल अलीच्या आतल्या अंगाला आहेत. सहलीच्या बसचा एकही थांबा तिथे नाही. पण त्या जागा फार लांबही नाहीत. अल कूझ हा शेख झायेद रोडला लागूनच, आतल्या बाजूचा भाग. सकाळी आणि संध्याकाळी कामगारांना नेणाऱ्या साध्या बस त्याच रस्त्यावरून, पर्यटकांच्या बसच्या शेजारून धावतात. वरच्या मजल्यावरून त्या स्पष्ट दिसतात, बघायचं ठरवलं तर. अधिक फसवी गोष्ट आहे ऋतू. क्रूझ जहाजं आखातात येतात ती मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, जेव्हा टपावर बसून वारा खावासा वाटतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर काम करून घ्यायला अमिरातीत कायद्याने बंदी आहे. असा कायदा करावा लागला यावरून त्या महिन्यांतलं ऊन कसं असेल ते कळावं. प्रवासी शहराचा सगळ्यांत सौम्य चेहरा बघतो. ज्या उन्हात ते बांधलं गेलं त्याच्याशी त्याची गाठच पडत नाही. पाण्याचंही तेच. दुबईत नदी नाही. नळाला येणारं जवळपास सगळं पाणी जबल अलीच्या प्रकल्पांत समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवलेलं असतं, आणि त्यातला मोठा वाटा नैसर्गिक वायूवर वीज करताना निघणाऱ्या उष्णतेवर तयार होत आला आहे. रस्त्याच्या दुभाजकावरची फुलं, बुर्ज खलिफासमोरची कारंजी आणि हॉटेलातला नळ हे सगळे त्या एका ठिकाणाला बांधलेले आहेत. सहलीची बस तिथवर जात नाही. पायी हिंडणाराही तिथे पोचत नाही, आणि आठवडाभर राहणाराही सहसा नाही. म्हणून हा दोष एकट्या बसच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. उलट थांब्यांचा नकाशा हाती असल्याने, त्यात कुठे मोकळी जागा सोडली आहे हे बसच्या प्रवाशाला निदान बोट ठेवून दाखवता येतं.

वेळेचं गणित या सगळ्यावर कुरघोडी करतं. सहा तासांत खाडी, जुमेरा आणि एक मनोरा एवढंच नीट होतं. बुर्ज खलिफाच्या गच्चीवर जायची रांग दिवसाचा मोठा तुकडा खाते. वरून दिसतं ते धुरकट हवेतलं शहर, त्यापेक्षा खालून दिसणारा बुर्ज जास्त भव्य वाटतो. मॉलमध्ये जेवणापुरतं शिरावं. खाडीवर सकाळी जावं, कारण दुपारी बाजारातली बरीच दुकानं काही तास मिटतात, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या सुमारास तर हमखास. मात्र वर सांगितलेला क्रम एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे जहाज कुठल्या धक्क्याला लागतं. २०२१ पासून दुबई हार्बर हे दुसरं क्रूझ टर्मिनल सुरू झालं आहे. ते पाम जुमेराच्या शेजारी, मरीनाजवळ आहे, खाडीपासून पंचवीसेक किलोमीटर दूर. तिथे उतरणाऱ्याच्या समोर सगळ्यांत नवं शहर आधी येतं, पाम आणि मरीनाचे थांबे जवळ असल्यामुळे सकाळ तिथेच सरते, आणि खाडीकडे जाणारी बस पकडेपर्यंत परतीची वेळ झालेली असते. अशा वेळी थांबे मोजत बसू नये. टर्मिनलवरून टॅक्सी करून थेट बर दुबईचा काठ गाठावा, अब्रा आणि गलबतं आधी बघून घ्यावीत, आणि तिथून जहाजाकडे परतताना बस पकडावी.